ब्रह्मकमळ नक्की कोणतं? कुंडीतलं की हिमालयातलं?

रानवारा_पुणे

पावसाळा लागला की सोसायट्यांच्या गटांवर रात्री अकराला फोटो येऊ लागतात: "आमच्याकडे ब्रह्मकमळ फुललंय, दर्शनाला या." कुंडीपुढे निरांजन, फुलाला हळदकुंकू. त्या आनंदाबद्दल काही म्हणणं नाही. पण ते झाड निवडुंगाच्या कुळातलं आहे. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांतलं, नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. हिमालयातलं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हलाटा. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, साधारण ३,७०० ते ४,६०० मीटर उंचीवरच्या कुरणांत आणि दगडगोट्यांच्या उतारांवर उगवणारं, उत्तराखंडचं राज्यफूल. या दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

माझं मत असं की कुंडीतल्याला वेगळं नाव द्यायला हवं. हल्ली "हिमालयातल्या खऱ्या ब्रह्मकमळाच्या बिया" म्हणून ऑनलाइन पाकिटं विकली जातात आणि लोक पुण्या-नाशकात पेरतात. म्हणून हा धागा. खरं झाड ओळखायचं कसं, इथे येईल का, आणि बघायला जायचं तर कुठे नि केव्हा, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावं.

हिरवी_गच्ची

नाव बदलण्याला माझा विरोध. आजीपासून नातीपर्यंत सगळ्या ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात, त्याचं मराठी नाव ब्रह्मकमळच. लोकांच्या तोंडी बसलेलं नाव पुस्तक बघून बदलत नाही. बाकी माहिती मात्र जरूर द्या.

पानफूल

ओळखीपासून सुरू करते, कारण फोटोंची सरमिसळ तिथेच होते.

हिमालयातल्या झाडाची उंची साधारण वीतभरापासून दोन फुटांपर्यंत. जमिनीत जाडजूड मूळखोड, त्यातून एकच सरळ दांडा. खालची पानं लांबट, कडा दातेरी, देठाला दोन्ही बाजूंनी पात्यासारखी किनार. दांड्यावर वर जावं तशी पानं आखूड आणि फिकी होत जातात, आणि शेंड्याला त्यांची जागा कागदासारखे पातळ, पिवळसर हिरवे, होडीच्या आकाराचे छद घेतात. लांबून ज्याला आपण "पाकळ्या" समजतो ते हे छद. फूल त्यांच्या आत आहे. छदांच्या फटीतून वाकून पाहिलं की जांभळट रंगाचे, काळपट किनारीचे पाच-दहा गेंद एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. प्रत्येक गेंद म्हणजे बारीक नळीदार फुलांचा एक स्तबक. सूर्यफुलाला कडेने पिवळ्या पट्ट्या असतात तशा याला अजिबात नसतात.

म्हणजे आपण ज्याला "एक ब्रह्मकमळ" म्हणतो त्यात कितीतरी फुलं असतात. शेवंती, झेंडू, सोनकी ही याची भावंडं.

कुंडीतल्याचं सगळंच उलट. त्याला पानं जवळजवळ नाहीतच. पानासारखं दिसतं ते चपटं झालेलं खोड, आणि कळी त्या खोडाच्या कडेच्या खाचेतून येते. फूल पांढरंशुभ्र, वीतभर, रात्री आठ-नऊनंतर उघडणारं आणि पहाटे मान टाकणारं. हिमालयातलं दिवसाही उघडंच असतं आणि कित्येक दिवस टिकतं. "रात्री एकदाच फुलतं" हे वर्णन हिमालयातल्या ब्रह्मकमळाला चिकटवलेलं दिसलं की समजावं, लिहिणाऱ्याने दोन झाडं एक केली आहेत.

ओंजळभर

म्हणजे दोन्ही कमळं नाहीतच?

पानफूल

@ओंजळभर, नाहीत. कमळ म्हणजे नेलुंबो न्यूसिफेरा, तळ्यात चिखलात मूळ असणारं. ब्रह्मदेव ज्यावर बसलेला दाखवतात ते हेच पाण्यातलं कमळ. हिमालयातल्या झाडाला गढवालात कौंल पद्म असंही म्हणतात. तिथेही कमळाचं नाव आकारावरूनच आलं आहे. त्यामुळे "खरं ब्रह्मकमळ" या शब्दावर कुणीच हक्क सांगू नये, या मुद्द्यावर मी हिरवी_गच्ची यांच्या थोडी जवळ आहे.

बुग्याल_वाट

ते छद तिथे कशासाठी आहेत ते समजून घ्या, म्हणजे हे झाड पुण्यात का येत नाही तेही आपोआप कळेल.

बुग्याल म्हणजे झाडांची रेषा संपल्यावर सुरू होणारं गवताळ कुरण. तिथे भर ऑगस्टातही दुपारी चटका, तासाभरात धुकं, संध्याकाळी गारा आणि रात्री पारा शून्याजवळ. अशा ठिकाणी पराग भिजला की वाया गेला. छद एकमेकांवर झाकलेले असल्यामुळे पावसाचं पाणी बाहेरून ओघळून जातं आणि आत स्तबक कोरडे राहतात. छद अर्धपारदर्शक असल्याने ऊन आत शिरतं आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार राहते, काचेच्या छोट्या हरितगृहासारखी. उंचावरची तीव्र अतिनील किरणंही ते बरीचशी अडवतात. केसाळ भुंगे फटीतून आत शिरतात आणि परागण होतं.

म्हणूनच फोटोसाठी छद बोटांनी फाकवू नका. एकदा दुमडले की ते पुन्हा नीट मिटत नाहीत आणि पुढच्या सरीत आत पाणी साचतं. फोटो हवा तर झाडाच्या पातळीवर गुडघे टेकून, उजेड छदांच्या मागून येईल असा कोन धरा. छदांच्या शिरा आणि आतल्या गेंदांची जांभळी सावली न उघडता दिसते.

वर्षाचं चक्र असं: बर्फ वितळलं की मे-जूनमध्ये मूळखोडातून कोंब, जुलै ते सप्टेंबर फुलं, सप्टेंबर-ऑक्टोबरात बी, मग वरचा सगळा भाग वाळून जातो. पुढचे पाच-सहा महिने झाड मूळखोडाच्या रूपाने बर्फाखाली झोपतं. बर्फाची दुलई जमिनीचं तापमान शून्याच्या आसपास स्थिर धरते. बर्फाशिवायची उघडी थंडी त्याला जास्त जाचते.

मातीचे_हात

बियांच्या पाकिटांबद्दल.

जाहिरातीतला फोटो आधी बघा. पांढरं, अनेक पाकळ्यांचं फूल असेल तर तो एपिफायलम आहे, आणि ते झाड कोणी बियांपासून करत नाही, फांदी लावून करतात. सॉसुरियाचं बी साधारण ५ मिलिमीटर लांब, बारीक काडीसारखं, डोक्याला पिसांसारख्या केसांचा झुबका. रुईची म्हातारी उडते तसंच हे वाऱ्यावर जातं. पाकिटातून गोल काळे दाणे निघाले तर ते काहीही असू शकतं, ब्रह्मकमळ नाही.

समजा खरं बी मिळालं. उंचावरच्या बहुतेक बियांना आधी थंडीत मुरवावं लागतं. ओलसर (पिळल्यावर थेंब न पडणाऱ्या) बारीक वाळूत बी मिसळून पिशवीत घालायचं आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात २ ते ४ अंशांवर ६ ते ८ आठवडे ठेवायचं. फ्रीझरमध्ये नाही. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून हवा द्यायची, बुरशी दिसली तर वाळू बदलायची. मग दोन भाग जाड वाळू, एक भाग चाळलेला पालापाचोळ्याचा खत-भुगा, वर बी, त्यावर २-३ मिलिमीटर वाळूचा थर. १५ ते २० अंशांत उगवण होऊ शकते.

गाडी अडते ती पुढे. रोपाच्या मुळांना गार, सतत ओली पण पाणी न साचणारी जमीन लागते. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये कुंडीतली माती ३५ अंशांच्या वर जाते. गरम आणि ओली माती म्हणजे बुरशीला आमंत्रण: रोप बुडाशी काळं पडून कोलमडतं. पाणी कमी केलं तर पानं करपतात. त्यातूनही वाचलं तर हिवाळ्यात झोप न मिळाल्याने पुढच्या वर्षी कोंबात जोर राहत नाही. वातानुकूलित खोलीने हे सुटत नाही, कारण तिथे बर्फही नाही आणि डोंगरावरचा प्रखर उजेडही नाही. पैसे आणि बी, दोन्ही फुकट जातात.

या झाडाच्या लागवडीचं काम व्हायचं तर ते त्याच उंचीच्या आसपास. गढवाल विद्यापीठाचं उच्चशिखरीय वनस्पतींवर काम करणारं केंद्र श्रीनगर-गढवालला आहे, आणि त्याचं प्रयोगक्षेत्र तुंगनाथच्या उतारावर आहे.

सडा_साताऱ्याचा

महाबळेश्वर किंवा कासला तरी? कासही डोंगरमाथ्यावरचं फुलांचं पठारच आहे.

बुग्याल_वाट

@सडा_साताऱ्याचा, कास साधारण १,२०० मीटरवर. बुग्याल त्याच्या तिप्पट उंचीवर. साम्य एकाच गोष्टीत आहे: दोन्हीकडे झाडांना सगळं आयुष्य चार महिन्यांत उरकावं लागतं. कासला चार महिन्यांनंतर जांभा कोरडा ठणठणीत होऊन तापतो, म्हणून तिथली झाडं उन्हाळा बी किंवा कंद होऊन काढतात. बुग्यालात चार महिन्यांनंतर बर्फ पडतं. ब्रह्मकमळाचं मूळखोड गोठणं सोसायला बनलंय, भाजणं सोसायला नाही.

आणि आलं असतं तरी लावू नये. कासच्या सड्यावर सीतेची आसवं, गेंद, कवला यांना बोटभर मातीत जागा मिळवावी लागते. तिथे बाहेरचं झाड आणणं म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढणं.

सडा_साताऱ्याचा

पटलं. आणि सोनकी ब्रह्मकमळाची भावंड आहे हे वाचून बरं वाटलं. आपल्या घाटातली ती पिवळी गर्दी आता वेगळ्या नजरेने बघितली जाईल. तेरड्याचंही तिकडे कोणी आहे का?

पानफूल

आहे ना. उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) पुरुषभर उंचीचा गुलाबी तेरडा माजलेला असतो, इम्पेशन्स सल्काटा. फूल पाहिलं की मराठी माणूस लगेच ओळखतो, फक्त मान वर करून बघावं लागतं.

पायवाट_७२

बघायला कुठे जायचं यावर. सर्वांत मोठा गैरसमज: ब्रह्मकमळ बघायला लोक फुलांच्या घाटीत जातात आणि हिरमुसून परततात. घाटीची पायवाट ज्या भागातून फिरते तो भाग साडेतीन हजार मीटरच्या आसपास, या झाडासाठी खालचा. ब्रह्मकमळ बघायचं ते शेजारच्या हेमकुंड साहिबच्या वाटेवर, शेवटच्या दीड-दोन किलोमीटरात आणि तलावाभोवतीच्या दगडांत.

मार्ग: ऋषिकेश ते गोविंदघाट सुमारे २७० किलोमीटर, पावसाळ्यात पूर्ण दिवस. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, तिथून घांघरिया साधारण १० किलोमीटर चाल. मुक्काम घांघरियात (सुमारे ३,०५० मीटर). घाटीत मुक्काम करता येत नाही, सकाळी परवाना घेऊन आत जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. घाटी १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते.

क्रम महत्त्वाचा. पहिला दिवस घाटी, दुसरा दिवस हेमकुंड. उलटं केलं तर घांघरियात पोचल्याच्या दुसऱ्याच सकाळी सहा किलोमीटरात हजार मीटरहून जास्त चढ अंगावर येतो, आणि डोकं धरणं, मळमळ हे सुरू होतं. हेमकुंडला पहाटे पाच-साडेपाचला निघा, वर मुक्कामाला परवानगी नाही आणि दुपारी दोनपर्यंत खाली निघावं लागतं. डोकेदुखी वाढत चालली, चाल अडखळू लागली तर फूल दिसो न दिसो, खाली उतरा. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून.

ऋषिकेश-जोशीमठ रस्ता दरडींनी बंद पडतो, परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. छत्री वर वाऱ्यात उपयोगाची नाही, पोंचो घ्या.

कधी: घाटीतल्या फुलांची गर्दी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. ब्रह्मकमळासाठी ऑगस्ट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. दोन्ही हवं असेल तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा.

देवराई

पायवाट_७२ यांच्या माहितीत भर. रूपकुंडच्या वाटेवर कालू विनायकच्या पुढे, भगवाबासाच्या आसपासही ब्रह्मकमळ भरपूर. पण २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांत रात्रीच्या तंबूंना मनाई केली, तेव्हापासून त्या वाटेचं गणितच बदललं. जुने ब्लॉग वाचून बेत आखू नका.

आता तोडण्याबद्दल, कारण माझ्या दृष्टीने या धाग्याचा गाभा तो आहे. केदारनाथला आणि नंदादेवीला हे फूल वाहतात. गढवाल-कुमाऊंमधली जुनी रीत अशी की नंदाष्टमीच्या आधी ब्रह्मकमळाला हात लावायचा नाही. नंदाष्टमी म्हणजे भाद्रपद शुद्ध अष्टमी, आपल्याकडे गौरी घरी असतात त्याच सुमाराची. ठरलेली माणसं उपास करून, अनवाणी वर जातात आणि मोजकी फुलं करंडीतून आणतात. पानफूल यांनी लिहिलंय की एका "फुला"त अनेक स्तबक असतात. ते जुलैत तोडलं तर त्या दांड्याचं वर्षाचं सगळं बी गेलं. भाद्रपदाच्या अष्टमीपर्यंत लवकर फुललेल्या झाडांचं बी धरू लागलेलं असतं. श्रद्धेच्या नियमात झाडाचा हिशोब बसलेला आहे.

यात्रेच्या गर्दीने तो हिशोब मोडला. जूनपासून मागणी असते, म्हणून उमलण्याआधीच दांडे खुडले जातात. यात्रेच्या वाटेवर कोणी हे फूल विकत असेल तर घेऊ नका. राष्ट्रीय उद्यानात तोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाही आहे.

हिरवी_गच्ची

देवराई, हा प्रतिसाद वाचून माझ्या पहिल्या मताला धक्का बसला. नाव एक असल्यामुळे कुंडीतल्या फुलाचं माहात्म्य वाचून कोणी डोंगरावरचं विकत घेत असेल, तर नावाचा प्रश्न नुसता भाषेचा राहत नाही.

मुळाक्षर

थोडं अवांतर, पण याच सॉसुरिया गटातलं. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं उपलेट किंवा कोष्ठ म्हणजे सॉसुरिया कॉस्टस, हिंदीत कूठ. धूप-उदबत्तीत आणि औषधात मुळाचा इतका उपसा झाला की जंगली झाड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'साइटीज' कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक यादीत आहे. फरक असा की कूठची शेती लाहौलमध्ये झाली, ब्रह्मकमळाची तशी शेती नाही. बाजारात दिसणारं प्रत्येक ब्रह्मकमळ डोंगरावरून खुडलेलं असतं.

याहून वर, बर्फाच्या कडेला, फेनकमळ असतं. त्यावर पांढऱ्या लोकरीचा गोळा असतो आणि तोच त्याचा कोट. ब्रह्मकमळाने थंडीवर छदांचा उपाय काढला, फेनकमळाने लोकरीचा.

ओंजळभर

एक व्यावहारिक प्रश्न, कुंडीतल्याबद्दल. कळ्या अंगठ्याएवढ्या होतात आणि गळतात. कारण काय?

मातीचे_हात

@ओंजळभर, बहुतेक वेळा कुंडी हलवल्यामुळे. कळी दिसली की कुंडीची जागा आणि दिशा बदलू नका. दुसरं कारण पाणी: कळीच्या तीन-चार आठवड्यांत माती एकदा खडखडीत वाळली आणि मग एकदम भिजली की कळ्या गळतात. वरचा इंचभर थर सुकला की पाणी, खाली बशीत पाणी साचू द्यायचं नाही.

मुळात हे जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारं निवडुंग आहे, त्यामुळे वाळवंटी निवडुंगासारखी कडक उन्हात ठेवू नका. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. माती हलकी: कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत आणि जाड वाळू समसमान. कुंडी लहानच बरी, मुळं दाटली की फुलं जास्त येतात. मोठी कुंडी आणि भरपूर शेणखत दिलं की नुसती पात वाढते. नवीन रोपासाठी १५-२० सेंटिमीटरचा तुकडा कापून ४-५ दिवस सावलीत सुकवा, कापलेली बाजू पूर्ण कोरडी झाल्यावर ३-४ सेंटिमीटर खोल लावा. लगेच लावला तर कुजतो. फुलाला दोन-तीन वर्षं धरून चाला. खाचांत पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंब तेल आणि साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी फवारा.

लोंबती कळी टोकाकडून वर वळली की एक-दोन रात्रींत उमलणार. शेजाऱ्यांना त्या हिशोबाने बोलवा.

रानवारा_पुणे

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. नाव बदला हा माझा हट्ट सोडतो, पण बोलताना एक शब्द जोडावा अशी विनंती: "कुंडीतलं ब्रह्मकमळ" आणि "हिमालयी ब्रह्मकमळ". गटांवर फोटो टाकताना आणि रोपवाटिकेत पाटी लावताना एवढं केलं तरी बियांच्या पाकिटांचं बरंच निभावेल. भारतीय टपालाने १९८२ मध्ये हिमालयातल्या फुलांची तिकिटं काढली होती, त्यात ब्रह्मकमळ आहे. मुलांना फरक दाखवायचा तर ते तिकीट आणि गॅलरीतलं फूल शेजारी ठेवा.

हिरवी_गच्ची

"कुंडीतलं ब्रह्मकमळ" मान्य. पायवाट_७२, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात हेमकुंडच्या वाटेवर निळी अफूही दिसते का?

पायवाट_७२

दिसते. मेकोनॉप्सिस ॲक्युलिआटा, दगडांच्या आडोशाला, ओल असेल तिथे. दांड्यावर आणि पानांवर पिवळसर काटे, चार निळ्या पाकळ्या, मध्ये पिवळ्या परागकोशांचा झुबका. पाकळ्या फार नाजूक, दुपारच्या पावसाने झडतात. म्हणून चढताना सकाळीच बघून घ्या, उतरताना बघू म्हणून ठेवू नका.